इंग्रजी शिकवायची राहूनच गेली

मंडळी, आधीच सांगून टाकतो, हे वाचून आमच्या घरातली निम्मी माणसं माझ्यावर रुसणार आहेत. पुतणे, भाचे, सुना, सगळेच! कारण ज्या गोष्टीवर त्यांनी दर जूनमध्ये खिसा रिकामा केला, तिच्याबद्दलच बोलणार आहे. पण सत्तरी ओलांडली की रुसव्याफुगव्याची भीती जरा कमी होते, म्हणून लिहितो.

माझं म्हणणं एवढंच. मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं म्हणजे त्याला इंग्रजी शिकवली असं होत नाही. आणि मराठी शाळेत रोज इंग्रजीचा तास झाला म्हणजेही ती शिकवली असं होत नाही. इंग्रजी ही आपल्या मुलांसाठी परकी भाषा आहे. परकी भाषा शिकवायची एक रीत असते, ती आपण वापरलीच नाही. माध्यमावरून मात्र भांडत बसलो.

मी जन्मभर माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवली. स्वतः बी.ए. झालो तो मराठी माध्यमातून. म्हणजे इंग्रजी मला आईच्या दुधाबरोबर मिळालेली नाही, कमवावी लागली. त्यामुळे ती कुठे अडते, कुठे टोचते, हे मला चांगलंच ठाऊक आहे.

इंग्रजीला माझा विरोध नाही, उलट ती आमच्या पोरांना यायलाच हवी. आमचं जासई कुठे आहे ते बघा ना. १९७० मध्ये सिडको आली आणि भातशेती, मिठागरं एकेक करून जाऊ लागली. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील आमच्याच गावचे. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू शेजारच्या चिर्ल्याला येऊन टेकला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात पलीकडे विमानतळाचं उद्घाटन झालं. जमीन गेली ती परत येत नाही. साडेबारा टक्क्यांचे भूखंडही कित्येकांनी विकून टाकले. आता पोराच्या हातात उरलं काय? नोकरी. आणि इथली बरी नोकरी इंग्रजी मागते.

कंटेनर यार्डात जाऊन बघा. शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, डिलिव्हरी ऑर्डर, सगळे कागद इंग्रजीत. कंपनीला ईमेल जातो तो इंग्रजीत. कागदाच्या टेबलावर बसणाऱ्याला एक पगार आणि गेटवर काठी घेऊन उभं राहणाऱ्याला दुसरा. ज्याच्या बापाच्या शेतावर ते यार्ड उभं आहे तो पोरगा गेटवर दिसतो तेव्हा माझ्या पोटात तुटतं. दहा वर्षं इंग्रजी शिकून हा पोरगा दोन ओळींचा ईमेल का लिहू शकत नाही?

याचं उत्तर वर्गात आहे. इंग्रजीचा तास कसा चालतो ते पिढ्यानुपिढ्या ठरलेलं आहे. सर धडा वाचतात, एकेका वाक्याचा मराठीत अर्थ सांगतात, मग प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून देतात. पोरं ती उतरवून घेतात. परीक्षेला गाईड. निबंध पाठ, पत्र पाठ, पत्रातल्या मित्राचं नावही पाठ! म्हणजे इतिहास शिकवावा तशी आपण इंग्रजी शिकवली. पोहायला शिकवताना कुणी खाडीचा नकाशा पाठ करून घेत नाही. पाण्यात उतरवतो ना आपण?

थोडं गणित करू. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात साठ मुलं. सरांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, हजेरीही घेतली नाही, तरी एका मुलाच्या वाट्याला बोलायला पस्तीस सेकंद येतात. प्रत्यक्षात सरच तीस मिनिटं बोलतात. मग पोराला मिळतात पाच सेकंद. त्यात 'येस सर' म्हणून होतं.

बरं, बोलण्याची परीक्षा नव्हती का? होती की! दहावीला भाषांच्या तोंडी परीक्षेचे वीस गुण शाळेच्या हातात होते. ते कसे दिले जात हे शिक्षक मंडळी जाणतातच. मार्च २०१९ च्या परीक्षेला हे शाळेच्या हातचे गुण काढले. राज्याचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, तेव्हा सगळा दोष वीस गुणांचा नाही. पण लगेच ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून गुण परत आले. मुलांना बोलायला शिकवा, म्हणजे गुण आपोआप मिळतील, अशी ओरड मात्र ऐकू आली नाही.

आता आमच्या भागातली खास गोष्ट. आमच्या मुलांच्या घरात आगरी बोलतात. आगरीत 'पाणी'चं 'पानी' आणि 'शाळा'चं 'शाला' होतं. पोरगं पहिलीत येऊन 'बाई, पानी पियाला जाऊ?' म्हणतं आणि वर्ग फिदीफिदी हसतो. कधीकधी बाईही हसतात. त्या दिवशी त्या पोराला कळतं की शाळेत तोंड उघडणं धोक्याचं आहे. हाच पोरगा आठवीत उभा राहून इंग्रजीत बोलेल अशी आपण अपेक्षा करतो! इंग्रजीची भीती इंग्रजीच्या तासाला सुरू होत नाही हो, ती मराठीच्या तासाला सुरू होते. मुलाची घरची बोली ज्याने मान देऊन ऐकली, त्याच्यापुढेच मूल परक्या भाषेत चुकायचं धाडस करतं. आणि चुकल्याशिवाय भाषा येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचीच नाही की काय? तसं नाही. अख्ख्या धड्याचं भाषांतर सांगणं वेगळं आणि मराठीचा आधार घेणं वेगळं. रामाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. मराठीत क्रियापद फळाच्या मागे धावतं. इंग्रजीत तिन्हीला एकच, 'एट'. हे दाखवलं की पोरं खूश होतात. अरेच्चा, ही तर आपल्याहून सोपी! मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपलं पोर 'आय राइस ईट' म्हणतं. ते ढ नाही, ते मराठीच्या नियमाने बरोबर चाललंय. त्याला फक्त रस्ता कुठे वळतो ते दाखवायचं. 'झीरो'ला पोरं 'जिरो' म्हणतात. त्यांना सांगायचं, 'जीवन'मधला ज नको, 'जाळं'मधला ज घे. लगेच जवळ येतात. 'अ' आणि 'द' ही उपपदं आपल्याकडे नाहीतच, तेव्हा तिथे वेळ द्यायचा. मराठी ज्याला नीट येते तोच शिक्षक हे करू शकतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या शिकल्या, त्यात हा दोन भाषा शेजारी ठेवण्याचा गुण होता. फक्त ती कागदावर थांबायची, तोंडापर्यंत येत नव्हती.

नोकरीत असताना मी एक उद्योग केला होता. गावातल्या पोरांकरवी यार्डातले रिकामे खोके मागवले आणि वर्गात मांडले. 'फ्रॅजाइल', 'धिस साइड अप', 'कीप ड्राय', 'मेड इन कोरिया'. त्यावर प्रश्न विचारायचे. हा खोका कुठून आला? उलटा ठेवला तर काय होईल? भिजला तर? शेवटच्या बाकावरची, एरवी झोपणारी पोरं उठून उत्तरं देऊ लागली. मोडकी, पण स्वतःची! वरिष्ठांनी विचारलं, "हे सिलॅबसमध्ये आहे का?" मी म्हटलं, "नाही सर, गावात आहे." खोके दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गेले. असो.

आता इंग्रजी माध्यमाकडे येतो. पालकांचं गणित मला समजतं. मराठी शाळेत इंग्रजी येत नाही, मग सगळंच इंग्रजीत शिकवा, येईलच. दिसायला बरोबर आहे. पण आमच्या आसपासच्या कितीतरी शाळांत घडतं काय? पुस्तक इंग्रजीत, समजावणं मराठी-हिंदीच्या खिचडीत, उत्तरं पुन्हा फळ्यावरून उतरवलेली. म्हणजे आमचाच जुना तास, फक्त आता विज्ञान आणि इतिहासही त्याच पद्धतीने! पूर्वी एका विषयाची घोकंपट्टी होती, आता सगळ्यांची झाली. घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही, आजी आगरी बोलते, टीव्ही हिंदी बोलतो. झाडं अन्न कशी तयार करतात हे पोरगं इंग्रजीत घडाघडा म्हणतं, आणि अंगणातलं आंब्याचं झाड दाखवून विचारलं तर गप्प. सेमी-इंग्रजीतही शिक्षकाची तयारी नसेल तर गणित आणि विज्ञानाचं हेच होतं.

"काका, तुमची नातवंडं कुठे शिकतात?" हा प्रश्न येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. नेरुळला, इंग्रजी माध्यमात. मुलाशी भांडलो, हरलो. त्यांच्या घरी आईवडील दोघंही इंग्रजी बोलतात, पुस्तकं आहेत, वेळ आहे. त्यांचं निभेल. पण गेटवर बारा तासांची ड्युटी करून आलेल्या दादूसच्या घरी संध्याकाळी अभ्यास कोण घेणार? शाळेने न शिकवलेलं घरी भरून काढणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून तर शाळेनेच शिकवायला हवं.

दुसऱ्या टोकाला आमचे मराठीप्रेमी मित्र. त्यांना वाटतं, इंग्रजी जरा मागे ढकलली की मराठी वाचेल. हा प्रयोग होऊन गेलाय मंडळी. स्वातंत्र्यानंतर खेरांच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरलं. ज्यांना सोय होती त्यांनी आपल्या मुलांची इंग्रजी चालूच ठेवली, मागे राहिली ती खेड्यातली. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीची थोरवी गायली ती उगाच नाही. खालच्या पायरीवर बसवलेल्यांना ती शिडी वाटली, आजही वाटते. ती काढून घेणारे आपण कोण?

सरकारने २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आणली. माझ्या मते निर्णय चांगला होता. पण शिकवणार कोण? ज्यांना स्वतःला फळ्यावरून उतरवलेली इंग्रजी मिळाली, त्यांच्याच हाती दुसरं पुस्तक दिलं. चार दिवसांच्या प्रशिक्षणाने जीभ सैल होते का? पंचवीस वर्षांनी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला. दोन-अडीच महिने महाराष्ट्र पेटला आणि जूनअखेर सरकारला आदेश मागे घ्यावे लागले. तिसरी भाषा कधी आणायची यावर सगळे भांडले. दुसरी कशी शिकवली जाते, हे विचारायला एकही मोर्चा निघाला नाही!

मला काय हवंय? फार नाही. इंग्रजीच्या तासाला वर्गाचे दोन किंवा तीन गट करा, म्हणजे पस्तीस सेकंदांचे निदान सत्तर सेकंद होतील. धडे निम्मे करा, बोलणं दुप्पट. तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने घ्यावी. इंग्रजीच्या शिक्षकाला वर्षातून महिनाभर फक्त इंग्रजी बोलायला बसवा, निवडणूक आणि जनगणनेच्या कामातून सोडवून. आणि बाकीचे विषय मुलाला कळतात त्या भाषेत शिकवा, म्हणजे डोकं चालत राहील आणि इंग्रजीत सांगायला त्याच्याकडे काहीतरी असेल.

माध्यम निवडायचा हक्क पालकांचाच, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसं सांगितलंही आहे. तेव्हा सक्ती नाही, विनंती आहे. येत्या जूनमध्ये पोराचं नाव घालायला जाल तेव्हा गणवेश आणि बसच्या आधी एवढं विचारा. इंग्रजीच्या तासाला मुलं किती? तासात मुलं बोलतात की फक्त बाई? बाई स्वतः इंग्रजी कुठे शिकल्या? आणि एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसून बघू द्याल का? जी शाळा बसू देईल, मग ती मराठी असो की इंग्रजी, तिथे खुशाल घाला. जी दारातच अडवेल तिथे, पुतण्यांनो, निदान फी भरायच्या आधी मला फोन करा. रुसला असलात तरी चालेल.