घराण्यातील मनोविकार आणि दुर्लक्षित कुमारवय

आई किंवा वडील यांपैकी एकास द्विध्रुवी मनोविकार, म्हणजे बायपोलर, असल्यास अपत्यालाही तो जडण्याचा संभव इतरांच्या अनेक पटींनी वाढतो. मात्र अशा बहुसंख्य मुलांना तो कधीच होत नाही, हेही तितकेच खरे. कोणाला होणार, हे कुमारवयातच ओळखता येईल काय, हा कळीचा प्रश्न आहे. नेदरलँड्स व अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी त्यासाठी अशा मुलांची वर्षानुवर्षे पाहणी केली. बंगळूरच्या निम्हान्सनेही मनोविकारग्रस्त कुटुंबांचा अभ्यास हाती घेतला. महाराष्ट्राचे काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील १२ राज्यांत तर आपले राज्य नव्हतेच.

प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. या विकाराचा आरंभ पुष्कळदा उदासीनतेने होतो. घराण्याचा इतिहास ठाऊक नसताना केवळ उदासीनतेवरील औषध दिले, तर काही रुग्णांत उन्माद उफाळतो. डोंबिवलीसारख्या नोकरदारांच्या शहरात मात्र हा इतिहास मुलीच्या लग्नाच्या धास्तीने दडवला जातो. पालक पहाटेची लोकल गाठतात. दहावीतल्या मुलाची उडालेली झोप 'अभ्यासाचा ताण' म्हणून सोडून दिली जाते.

'आधी उपचार, मग संशोधन' हा आक्षेप पोकळ नाही. त्याच सर्वेक्षणानुसार या विकाराचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. परंतु दीर्घकालीन पाहणीत आलेल्या मुलावर जाणत्यांची नजर राहते, आणि पहिल्या झटक्यालाच त्याला उपचार मिळू शकतो. येथे संशोधन व सेवा एकमेकांच्या आड येत नाहीत. शिक्का बसण्याची भीती मात्र रास्त आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला गोपनीयतेचा हक्क कसोशीने पाळावा, आणि पालकांबरोबर मुलाचीही संमती घ्यावी.

खरी अडचण अनुदानाच्या मुदतीची आहे. संशोधनाला पैसा मिळतो तो बहुधा तीन वर्षांपुरता. तेराव्या वर्षी पाहणीत आलेल्या मुलाचे भवितव्य कळायला पंचविशी उजाडावी लागते. ठाण्यात १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभारलेली आयपीएच ही संस्था आहे, डोंबिवलीत जागरूक शाळा आहेत. उणीव आहे ती निदान दहा वर्षे न आटणाऱ्या निधीची. शासनाने तो अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे राखून ठेवावा. आजार हाताबाहेर गेल्यावर होणारा खर्च कुटुंबे आजही मुकाट्याने सोसतच आहेत.