गीझर पेटत नाही तेव्हा



थंडी पडली की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक तक्रार रोज ऐकू येते. "गीझर टिक टिक करतो, पण पेटतच नाही." मग प्रत्येकीचा वेगळा इलाज. कोणी म्हणते सेल बदला, कोणी म्हणते सिलिंडर हलवून बघा, कोणी म्हणते वरून एक थाप मारा. मी ऊर्दू आणि मराठी शिकवणारी बाई, यंत्रांशी माझा संबंध स्वयंपाकघरापुरताच. पण या एका यंत्राने मला चांगलाच धडा दिला, म्हणून आज त्याबद्दल लिहिते आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत असतो तो एलपीजीवर चालणारा छोटा गीझर. त्याच्यात पाणी साठवून ठेवायची टाकी नसते. नळ उघडला की पेटायचे, बंद केला की विझायचे, एवढेच त्याचे काम. पण पेटण्याआधी तो काही गोष्टी एकामागून एक तपासतो. पाण्याचा जोर आत एक रबरी पडदा ढकलतो, त्यामुळे एक छोटा स्विच दाबला जातो. स्विच दाबला की सेलवर ठिणगी पडू लागते, तीच ती टिक टिक. त्याच वेळी गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. बर्नरजवळची एक काडी ज्योत लागली की नाही ते ओळखते. काही सेकंदांत ज्योत लागली नाही, तर ती गॅस बंद करायला लावते. थंड देशांत अख्खे घर उबदार ठेवणारे प्रोपेनचे मोठे बॉयलर असतात, तेही याच क्रमाने चालतात. ठरावीक प्रयत्न फसले की तो बॉयलर स्वतःलाच कुलूप लावून घेतो. म्हणजे न पेटणे हा दर वेळी बिघाड नसतो. पुष्कळदा ती सावधगिरी असते. तो का थांबला, एवढे आपल्याला शोधायचे असते.

मुलांना गणित सोडवताना मी सांगते, पायऱ्या गाळू नका. इथेही तसेच करावे. आधी कान द्या.

टिक टिक अजिबात येत नसेल, तर गॅसकडे जाऊच नका. दोष सेलचा किंवा पाण्याचा. बहुतेक गीझरमध्ये टॉर्चचे दोन जाड सेल असतात. दोन्ही एकदमच बदलावेत, एक जुना एक नवा असे करू नये. सेलच्या खोबणीतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर सेल काढून बारीक सँडपेपरने घासावा. पुन्हा चार्ज होणारे सेल घालून बचत करू नये, त्यांचा दाब प्रत्येकी १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो आणि गीझर कुरकुर करतो.

सेल ठीक असतील तर पाणी बघा. आम्ही नाशिकला इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर, त्यामुळे पाण्याला जोर कमी. त्यात आमचे अब्बा. फजरच्या वुजूला ते नळ अगदी बारीक सोडतात, पाणी वाया जाऊ नये म्हणून. सवय चांगलीच आहे, पण तेवढ्या धारेने आतला पडदा हलत नाही आणि स्विच दाबला जात नाही. "तुमचा गीझर बिघडला," असे अब्बा आठवडाभर म्हणत होते. आता ते नळ पूर्ण सोडून बादलीत थोडे गरम पाणी घेतात आणि लोट्याने वुजू करतात. पाणीही वाचते, गीझरही पेटतो. तुमच्याकडे पूर्वी जोर चांगला होता आणि आता कमी झाला असेल, तर पाणी आत येते तिथली छोटी जाळी काढून बघा. क्षार आणि गंज यांनी ती भरून जाते. मुख्य कॉक बंद करून ती घरीच धुता येते.

टिक टिक येते पण ज्योत लागत नाही, तर दोष बहुधा गॅसचा. रेग्युलेटर पूर्ण चालू आहे का? नळी कुठे दुमडली आहे का? सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीन वेळा नळ उघडून बंद केला की ती निघून जाते. पण दर प्रयत्नानंतर थांबा, खिडकी उघडी ठेवा. न पेटलेला गॅस साचला आणि मग ठिणगी पडली तर भडका उडतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर प्रयत्न थांबवा, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि विजेचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नका. घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा, ही गॅसगळतीसाठीची मदतवाहिनी आहे.

एक गोष्ट पुष्कळ बहिणींना कोड्यात टाकते. त्याच सिलिंडरवर शेगडी छान जळते, मग गीझर का नाही? कारण गीझरला शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी पट गॅस लागतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन द्रवरूपात असतात. त्यांची वाफ व्हायला उष्णता लागते. कडाक्याच्या थंडीत, सिलिंडर संपत आलेला असताना, वाफ पुरेशी वेगाने होत नाही. शेगडीला ती पुरते, गीझरला पुरत नाही. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतणे, तो आडवा करणे, त्याच्याजवळ शेगडी ठेवणे, यातले काहीही करू नये. सिलिंडर बदलावा, नाहीतर पाणी पातेल्यात तापवावे.

आता तिसरा प्रकार. गीझर पेटतो, पण थोड्या वेळाने आपोआप विझतो. सेल उतरले असतील तर असे होते. ज्योत ओळखणाऱ्या काडीवर काजळी धरली तरी होते. काही गीझर वीस मिनिटांनी मुद्दाम बंद होतात. पण आणखी एक कारण आहे, आणि मी हे सगळे लिहायला बसले ती त्याच्यासाठी.

तीन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याच्या घरात होतो. तिथे गीझर न्हाणीघरातच बसवलेला होता. वर एक छोटी खिडकी होती. डिसेंबरात तिच्यातून गार वारा येई, म्हणून मी तिला पुठ्ठा लावला आणि फटीत जुनी ओढणी खोचली. काही दिवसांनी गीझर आठ-दहा मिनिटांत विझू लागला. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने सेल पाहिले, बर्नर पाहिला आणि म्हणाला, "भाभी, आत एक सेन्सर आहे, तोच सारखा बंद पाडतो. वायरी थेट जोडून देतो, मग झंझट नाही." मी हो म्हणणारच होते. शाळेला उशीर होत होता, म्हणून त्याला संध्याकाळी या म्हटले, इतकेच.

खाली उतरताना शेजारचे चाचा भेटले. आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले. मी सहज सांगितले. ते जागीच थांबले. "बेटी, तो सेन्सर न्हाणीघरातली हवा बघतो. ऑक्सिजन कमी झाला की तो ज्योत विझवतो. तो खराब नाही, तुझ्या न्हाणीघरात हवा नाही. खिडकी उघडी असते का?"

मला पुठ्ठा आठवला. आणि मग लेक आठवली. नववीत होती तेव्हा. आठवडाभर न्हाऊन आली की म्हणायची, "अम्मी, डोकं दुखतंय, मळमळतंय." मी तिला खजूर आणि बदाम देत होते. मला वाटत होते, अभ्यासाचा ताण आहे, अशक्तपणा आहे. गीझर रोज सांगत होता, मुलगी रोज सांगत होती, आणि मी त्याच संध्याकाळी त्या सेन्सरच्या वायरी जोडून घेणार होते.

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, गळती कळावी म्हणून. ज्वलनातून होणाऱ्या या वायूला तशी सोय नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, मग हातापायातले बळ जाते आणि माणसाला दाराची कडी काढणेही जमत नाही. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

तर बहिणींनो, एवढे कराच. गॅस गीझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी असू द्या, गरम पाणी पाईपने आत आणा. घर भाड्याचे असेल तर घरमालकाशी त्यासाठी वाद घालावा लागला तरी घाला. तोवर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी थोडा वेळ उघडी ठेवा आणि मग अंघोळीला जा. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी, डोलणारी ज्योत किंवा वर काजळी दिसली तर गीझर बंद ठेवा आणि साफ करून घ्या. बर्नर, व्हॉल्व्ह आणि वायरी यांना आपण हात लावायचा नाही, ते काम जाणकाराचे. आणि कोणी सेन्सर काढून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सगळ्याच गीझरमध्ये असा सेन्सर नसतो, म्हणून आहे त्याच्या भरवशावर खिडकी बंद करू नका.

कोणी आत फार वेळ असेल तर हाक मारा. उत्तर आले नाही तर वाट पाहू नका. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गॅस गीझर चालू होता हे आधी सांगा.

त्या संध्याकाळी दुरुस्तीवाला आला तेव्हा पुठ्ठा कचऱ्यात गेला होता. गीझर त्याच्याकडूनच बाहेरच्या गॅलरीत बसवून घेतला. लेकीची डोकेदुखी चार दिवसांत थांबली. आता ती कॉलेजला जाते, आणि थंडीत न्हायला जाण्याआधी खिडकी उघडी आहे ना, हे मला न विचारता स्वतः बघते.