चुलीला सुट्टी!



मागच्या अंकात आपण लडाखमध्ये जाऊन लोण्याचा खारट चहा प्यायलो. त्यावर तुमची पत्रं आली. बऱ्याच जणांनी नुसतं "ई!!!" एवढंच लिहिलंय. असू दे. आज थंडीचं नाव नको. नकाशा उघडा, युरोपच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या स्पेनवर बोट ठेवा आणि तसंच खाली खाली या. अगदी टोकाला, जिथून समुद्रापलीकडे आफ्रिकेचे डोंगर दिसतात तिथपर्यंत. हा झाला आंदालुसिया प्रांत.

युरोप म्हणजे बर्फच बर्फ असं तुम्हांला वाटत असेल, तर हे ऐका. याच प्रांतातल्या ला राम्ब्ला या गावी १४ ऑगस्ट २०२१ रोजी पारा ४७.६ अंश सेल्सिअसवर गेला होता! जवळच्याच एसिखा गावाला तर लोक 'आंदालुसियाचा तवा' म्हणतात. सेव्हिल शहरात उन्हाळा आला की गल्लीच्या या घरापासून त्या घरापर्यंत मोठमोठी कापडं ताणून बांधतात, म्हणजे सगळी गल्लीच मांडवाखाली येते. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो तेव्हा घड्याळात रात्रीचे पावणेदहा वाजलेले असतात. एवढ्या लांबलचक तापलेल्या दिवशी चुलीपुढे उभं कोण राहणार? म्हणून त्यांच्या उन्हाळ्यातल्या कितीतरी पदार्थांना विस्तव लागतच नाही.

त्यांतला सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे गास्पाचो. पिकलेले टोमॅटो, काकडी, तिखट नसलेली हिरवी मिरची, लसूण, ऑलिव्हचं तेल, व्हिनेगर, मीठ आणि शिळा पाव हे सगळं वाटायचं, गाळायचं आणि गारेगार करून वाटीतून खायचं किंवा पेल्यातून प्यायचं. हो, शिळाच पाव. ताज्या पावाचा चिकट लगदा होतो. शिळा कोरडा पाव पाणी आणि तेल छान पिऊन घेतो आणि गास्पाचोला दाटपणा येतो.

आता गंमत बघा. टोमॅटो आणि मिरची या दोन्ही गोष्टी मूळच्या अमेरिकेतल्या. कोलंबस तिकडे गेला १४९२ साली. म्हणजे त्याआधी स्पेनमध्ये टोमॅटो कुणी पाहिलाही नव्हता. मग गास्पाचोत काय असायचं? पाव, लसूण, तेल, व्हिनेगर, मीठ आणि पाणी. बस्स. हे राजवाड्यातलं पक्वान्न नव्हतंच मुळी. दुसऱ्याच्या शेतात रोजावर राबणाऱ्या मजुरांचं ते जेवण. लाकडी खोलगट भांड्यात लसूण-मीठ कुटायचं, त्यात वाळका पाव कुस्करायचा, वरून तेल, व्हिनेगर आणि पाणी. उन्हात घाम गाळला की अंगातलं पाणी जातं आणि मीठही जातं. या एका भांड्यातून दोन्ही परत मिळायचं, आणि पाव-तेलामुळे पोटाला आधारही.

सगळे जण त्या एकाच भांड्यातून खायचे. त्याची एक रीत होती. पुढे यायचं, एक चमचा घ्यायचा आणि एक पाऊल मागे सरकायचं, म्हणजे दुसऱ्याला पुढे येता यावं. कुणी भांड्यापाशी ठाण मांडून बसायचं नाही.

हे वाचलं आणि मला माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा आठवला. मार्चपासून आमची शाळा सकाळची. छोट्या सुट्टीत सगळे डबे उघडतात, पण हा भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याची आई पहाटेच कामाला जाते, म्हणून डब्यात रात्रीची ज्वारीची भाकरी असायची, ताकात कुस्करलेली. एकदा कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "बाई, हा शिळं खातो!" मी ओरडणाऱ्याला रागावले. वर्ग चिडीचूप झाला. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाने डबा आणणंच बंद केलं. माझं रागावणं कुठेतरी चुकलं होतं, हे कळत होतं. काय करावं ते मात्र सुचत नव्हतं.

त्या मजुरांची गोष्ट मी वर्गात सांगितली. त्या मुलाकडे मुद्दाम पाहिलं नाही. नंतर काय झालं ते शेवटी सांगते. आधी स्पेनची फेरी पुरी करू.

गास्पाचोची दोन सख्खी भावंडं आहेत. कॉर्दोबा शहराचं सालमोरेखो. हे एवढं दाट असतं की त्यावर उकडलेल्या अंड्याच्या फोडी ठेवल्या तरी बुडत नाहीत. आणि मालागाकडचं आखोब्लांको. आखो म्हणजे लसूण, ब्लांको म्हणजे पांढरा. यात टोमॅटो नाहीच. बदाम, पाव, लसूण, तेल, व्हिनेगर, पाणी, आणि वर गोड द्राक्षं. कोलंबसाच्या आधीचं गास्पाचो कसं असेल ते आखोब्लांकोकडे पाहून कळतं. मला विचाराल तर तिघांत मला हेच चाखून बघायचंय. द्राक्ष आणि लसूण एका घासात, कल्पना तरी करा!

आता बोट पूर्व किनाऱ्यावर सरकवा. व्हॅलेन्सिया सापडलं? तिथलं पेय आहे ओर्चाता. दिसतं थेट दुधासारखं, पण त्यात गाईचं दूध एक थेंबही नसतं. ते होतं चुफा नावाच्या शेंगदाण्याएवढ्या सुरकुतलेल्या गाठींपासून. या गाठी एका गवतासारख्या झाडाच्या मुळांना जमिनीत लागतात. आपल्याकडे शेतकरी ज्याला उपटून उपटून थकतात, त्या लव्हाळ्याचाच हा भाऊबंद. आपण ज्याला तण म्हणतो त्याच्या भावाची तिथे शेती होते! शहराला लागूनच असलेलं आल्बोराया गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. गाठी काढून महिनोन्‌महिने वाळवतात, मग रात्रभर भिजवून पाण्यात वाटतात, गाळतात, साखर घालतात आणि गार करतात. त्यात बुडवून खायला लांबट गोड पाव असतो, त्याचं नाव फार्तोन.

ओर्चाता नावाची एक कथा तिकडे सांगतात. तेराव्या शतकात जाउमे राजाने व्हॅलेन्सिया जिंकलं. एका मुलीने त्याला हे पेय दिलं. राजाने विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "चुफाचं दूध." राजा खूश होऊन म्हणाला, "हे दूध नाही, सोनं आहे पोरी!" त्यांच्या भाषेत सोनं म्हणजे 'ऑर' आणि पोरगी म्हणजे 'चाता'. झालं ओर्चाता! कथा गोड आहे, पण खरी नाही. हा शब्द लॅटिनमधल्या सातूच्या नावावरून आलाय. पूर्वी असं पेय सातूचं करत.

शब्दांवरून आठवलं, ओर्चातात घालतात ती साखर. तिला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'अथूकार'. आपल्या संस्कृतमधली 'शर्करा' इराणात गेली, तिथून अरबांकडे, आणि अरबांबरोबर स्पेनला पोचली. म्हणजे अथूकार आणि आपली साखर चुलतबहिणी.

लिंबाच्या सरबताचं बर्फाळ रूप म्हणजे ग्रानिथादो. ग्रानिथो म्हणजे पावसात पडतात त्या गारा, म्हणून हे गारा-सरबत! पण फ्रीज नव्हते तेव्हा बर्फ कुठून यायचा? ग्रानादा शहराच्या मागे सिएरा नेवादा नावाचे उंच डोंगर आहेत, नावाचा अर्थच 'बर्फाळ डोंगररांग'. माणसं रात्रीची खेचरं आणि गाढवं घेऊन वर जायची, बर्फ भरायचा, झाकायचा आणि ऊन चढायच्या आत शहर गाठायचं. उशीर झाला की वाटेत पाणीच!

आणि गरिबाघरी? तिथे असायचा बोतीखो, म्हणजे त्यांचा माठ. झिलई नसलेल्या मातीचा, वर कडी, एका बाजूला पाणी भरायला तोंड आणि दुसऱ्या बाजूला बारीक तोटी. तोटीला ओठ न लावता वरून धार सोडून पाणी प्यायचं, आपण तांब्याने पितो तसंच. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माद्रिदच्या दोन प्राध्यापकांनी १९९५ साली त्याचं गणितच मांडलं. ३९ अंश उष्ण हवेत ठेवलेल्या बोतीखोतलं पाणी सुमारे सात तासांत २४ अंशांवर आलं. माठ दमट हवेत एवढा का चालत नाही, ते आता तुम्हीच सांगा.

आता आमच्या वर्गाची गोष्ट. शनिवारी मी घरून मिक्सर आणला. सहा पिकलेले टोमॅटो, अर्धी काकडी, अर्धी ढोबळी मिरची, लसणाची एक पाकळी, दोन चमचे व्हिनेगर, मीठ आणि तीन चमचे तेल. (तुम्ही करणार असाल तर मिक्सर मोठ्या माणसाला लावू द्या आणि नंतर दोन तास फ्रीजमध्ये ठेवा.) ऑलिव्हचं तेल मिळालं नाही म्हणून शेंगदाण्याचं घातलं, तिथे मी फसले. सगळ्याला शेंगदाण्याचाच वास! आणि शिळा पाव आणायला मी साफ विसरले होते.

"बाई," मागून आवाज आला, "भाकरी चालंल का?"

डबा आणला होता त्याने. अर्धी भाकरी पाण्यात भिजवून घातली. गास्पाचो जरा खरबरीत झालं, खोटं कशाला सांगू. निम्म्या वर्गाने तोंडं वाकडी केली. उरलेल्यांनी मात्र चमचा घ्यायचा, एक पाऊल मागे, असं करत पातेलं संपवलं. भाकरीवाला तीनदा पुढे आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "कांदा पाहिजे होता यात."

स्पेनमध्येही काही घरांत घालतात कांदा. पुढच्या खेपेला घालू.

पुढच्या अंकात इथिओपिया. तिथलं धिरडं एवढं मोठं असतं की ताटाऐवजी तेच अंथरतात. तोवर माठातलं पाणी प्या, दुपारी उन्हात हुंदडू नका, आणि गास्पाचो केलंत तर कसं झालं ते खरंखरं कळवा. "ई" लिहिलंत तरी चालेल.

तुमच्या,
बाई