पोटाची कळ आणि गार पडलेला पाय

मैत्रिणींनो, घरात कुणाचं पोट दुखलं की आपला हात आधी ओव्याच्या डब्याकडे जातो. साध्या अपचनाला ते ठीक. पण बेंबीच्या वर एकाएकी असह्य कळ उठली, ती पाठीत गेली, उताणं झोपून वाढली, पुढे वाकून बसल्यावर जरा कमी झाली आणि उलट्या थांबेनात, तर ओवा-सोडा राहू द्या, तडक हॉस्पिटल गाठा. ही स्वादुपिंडाला आलेली तीव्र सूज असू शकते.

स्वादुपिंड म्हणजे जठरामागे आडवा असलेला, वितीहून थोडा लहान अवयव. अन्न पचवणारा रस तो तयार करतो. पित्ताशयातला खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा दारूचं व्यसन असलं, की हा रस आतल्या आतच काम सुरू करतो आणि स्वतःच्याच घराला जाळतो. बहुतेक रोगी सलाइन आणि वेदनाशामक औषधांनी आठवड्याभरात सावरतात. काहींचं दुखणं मात्र विकोपाला जातं.

अशा सुजेत रक्त गोठण्याकडे झुकतं. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होऊन ते दाटही होतं. शाळेत मी मुलींना सांगते, साचल्या पाण्यावर शेवाळ लवकर धरतं, वाहत्यावर नाही. तसंच इथेही. गुठळी होते ती बहुधा संथ वाहणाऱ्या शिरांत, त्यातही स्वादुपिंडाला खेटून जाणाऱ्या प्लीहेच्या शिरेत. हृदयाकडून जोरात रक्त नेणाऱ्या रोहिणीत ती क्वचितच होते. पण झाली, तर पुढच्या भागाचं रक्तच तुटतं आणि हाताशी वेळ फार थोडा उरतो.

रोग्याच्या उशाशी बहुधा आपणच बसलेल्या असतो, म्हणून एवढं ध्यानात ठेवा. एकच पाय किंवा हात अचानक दुखू लागला, दुसऱ्यापेक्षा गार आणि पांढराफटक पडला, बधिर झाला, बोटं हलेनात, तर ‘वात आला असेल’ म्हणून तेल चोळू नका. गरम पाण्याची पिशवीही नको. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. लगेच नर्सला हाक मारा. रक्त अजिबात पोचत नसेल, तर साधारण सहा तासांत पाय वाचवणं कठीण होऊ लागतं. उतरलेली पोटाची कळ पुन्हा भयंकर वाढली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तरीही तेच करा. ‘डॉक्टर राउंडला आले की सांगू’ असं म्हणू नका.

मग डॉक्टर रोहिण्यांची तपासणी करून गोठण रोखणारं हेपारिन देतात, किंवा गुठळी काढतात. टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने ती ओढून काढायची युक्ती डॉ. थॉमस फोगार्टी यांनी 1963 साली मांडली; ती आजही वापरतात. मात्र सुजलेल्या स्वादुपिंडात रक्तस्रावाचंही भय असतं. म्हणून शेजारणीने सांगितली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी परस्पर द्यायची नाही.

आणि घरी परतल्यावर? कारण खड्यांचं असेल, तर पित्ताशयाचं ऑपरेशन ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून लांबवू नका, दुखणं उलटतं. कारण दारूचं असेल, तर ती कायमची बंद. तिथे भीड नको, बायांनो!