एक कॅम्प, दोन बिऱ्हाडं

लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेला असालच. नसाल तर आईला विचारा, ती नक्की गेलेली असणार. होलसेलचे भाव, साड्यांचे गठ्ठे, पार्किंगची बोंब, सगळं ओळखीचं. पण याच जागेवर कधीकाळी पोलिश भाषेत शाळा भरायच्या, असं तिथे उभ्या उभ्या कुणी सांगितलं तर? ‘काय भावा, सकाळी सकाळी चेष्टा करतोस काय?’ असंच म्हणाल ना!

चेष्टा नाही. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलंच. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या आणि १९४० पासून घरंच्या घरं उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. भूक, थंडी, टायफस. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर राजकारण फिरलं, यांची सुटका झाली आणि वाचले ते इराणमार्गे निघाले. कुणी आफ्रिकेत गेलं, कुणी न्यूझीलंडला, कुणी थेट मेक्सिकोत. आणि यातले काही हजार कराचीमार्गे मिरज-कोल्हापूर लाइनवरच्या आपल्या वळिवड्यात. उणे चाळीसमधून निघून पंचगंगेकाठच्या उन्हात. कल्पना करा!

तिथे त्यांनी जे उभं केलं ते सॉलिडच होतं. बराकींच्या रांगा, त्यात शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट्स. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत ठेवलेली पोलिश मुलंही पुढे १९४६ मध्ये इथेच आली. कॅम्पात येणारे आपले विक्रेते मोडकंतोडकं पोलिश बोलायला लागले, असं या मंडळींच्या आठवणींत येतं. यात मला तरी काही नवल वाटत नाही. गिऱ्हाईक समोर असलं की कोल्हापूरकर कुठलीही भाषा शिकेल.

युद्ध संपलं, पण यांचं गावच राहिलं नाही. पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनमध्ये गेला होता. मग कुणी इंग्लंड गाठलं, कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी नव्या सीमांच्या पोलंडमध्ये परतलं. काही मुलींनी इथल्याच मुलांशी लग्न केलं आणि त्या कायमच्या आपल्या झाल्या.

आणि रिकाम्या बराकींत कोण आलं? फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी. एका निर्वासितांचं बिऱ्हाड हललं, दुसऱ्यांचं आलं. त्याचंच आजचं गांधीनगर.

लंडनच्या ब्रिक लेनवर असंच एक घराणं म्हणावं तशी इमारत आहे. फ्रान्सच्या राजाने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा जे पळाले ते ह्यूगनो. ‘रेफ्युजी’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो त्यांच्यामुळेच. त्यातले बरेच रेशमाचे विणकर. त्यांनी १७४३ मध्ये बांधलेलं चर्च पुढे १८९८ मध्ये ज्यूंचं प्रार्थनास्थळ झालं आणि १९७६ मध्ये बांगलादेशींची मशीद. कापडाचा धंदा मात्र तिघांच्याही वाट्याला! गांधीनगरशी नातं जुळलं की नाही?

फरक इतकाच की ह्यूगनोंच्या वंशजांनी आपली गोष्ट अडीच-तीनशे वर्षं जपली. इंग्लंडमध्ये रॉचेस्टरला त्यांचं स्वतंत्र म्युझियमच आहे. वळिवड्याच्या पोलिश मुलांनीही तेच केलं. लंडनमध्ये त्यांनी संघटना काढली, आठवणी गोळा केल्या, जाडजूड पुस्तक आधी पोलिशमध्ये आणि मग इंग्रजीत आणलं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुप्सवर ‘नाद खुळा’चा पूर आला होता. इथेही कलेक्टर ऑफिसजवळच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. आपण त्याच्या बाजूने रोज ब्रिस्क वॉक करतो, ते सोडा. शहरात पोलिशांची दफनभूमी आहे, आणि २०१९ मध्ये पोलंडच्या पाहुण्यांच्या साक्षीने वळिवड्यातही स्तंभ उभा राहिला.

छानच आहे हे. पण सगळं एकाच बिऱ्हाडाचं. त्याच बराकींत शून्यातून पेढी मांडणाऱ्या सिंधी आजोबांची गोष्ट कुणी लिहून घेतली? आपण त्यांच्याशी बोललो ते फक्त भाव पाडायला. फाळणी पाहिलेलं माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. बराकीत पहिली रात्र कशी गेली, चूल कुठे मांडली, जाताना पोलिश मंडळी काही मागे ठेवून गेली होती का, हे फक्त त्यांनाच माहीत. अमृतसरच्या पार्टिशन म्युझियमने अशा आठवणी रेकॉर्ड केल्यात. त्याला काही रॉकेट सायन्स लागत नाही, आपल्या खिशातला फोन पुरतो.

तर पुढच्या वेळी बस्ता बांधायला गेलात की खरेदी आटपल्यावर, बिल हातात घेऊन, गल्ल्यामागच्या म्हाताऱ्या शेठना विचाराच, ‘काका, तुमच्या घरचे इथे आले तेव्हा काय होतं हो इथे?’ चहा येईल. आणि चहा आला की फोन रेकॉर्डिंगवर टाकायला परवानगी मागा. आधी भाव मात्र करून घ्या, नंतर जड जाईल.