शिक्षणाचा भाव : सेक्टरात एक, नाक्यावर एक

अर्थशास्त्रवाल्यांचा एक हिशोब आहे. माणूस एक वर्ष जादा शाळा शिकला की त्याची कमाई किती टक्क्यांनी वाढते ते काढायचं. ह्याला ते शिक्षणाचा परतावा म्हणतात. जणू पोरगं म्हंजे पतपेढीतली मुदत ठेव! आणि मग सांगतात, शिक्षणाचे पैसे शहरात होतात, खेड्यात फारसे होत नाहीत.

आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. मी विचारतो, त्याचा अर्थ कोण लावतो?

एक म्हणतो, खेड्यातली शाळाच भिकार. दुसरा म्हणतो, खेड्यातल्या पोरांना उमेद नाही. आणि तिसरा आपलाच. खारघरच्या चौथ्या मजल्यावर हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावून बसलेला. तो म्हणतो, मी शिकलो, गाव सोडलं, वर आलो, तुम्हीपण या. दोस्तहो, ह्या तिसऱ्याशी माझं भांडण आहे. कारण पहिल्या दोघांना आपण ओळखून आहोत, हा मात्र जयंतीच्या स्टेजवरून बोलतो.

साहेब, चार मजले खाली उतरा. सकाळी सात-आठच्या सुमाराला मजूर नाक्यावर या. परभणी, जालना, बुलढाण्याकडून आलेली माणसं डबा घेऊन उभी असतात. त्यात दहावी आहे, बारावी आहे, बी. ए. सुद्धा आहे. ठेकेदार सर्टिफिकेट विचारतो का? तो दंड बघतो. बिगारी आणि मिस्त्री ह्यांच्या मजुरीत फरक आहे, पण बारावी झालेला बिगारी आणि अंगठेबहाद्दर बिगारी ह्यांच्यात दमडीचा नाही. हे शहरच ना? मग इथला परतावा कुठं गेला?

तेव्हा शहर आणि खेडं ही रेघ नकाशावर शोधू नका. ती खारघरच्या मधून जाते. सेक्टर एकीकडं, ओवे-मुर्बीसारखी जुनी गावं आणि डोंगराकडच्या आदिवासी वाड्या दुसरीकडं, आणि नाका ह्या सगळ्यांच्या पायाशी.

ही जागा झाली कशी तेही बघा. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, पोलिसांच्या गोळ्यांनी पाच माणसं मारली. त्या रक्तावर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ते त्यांनी लढून घेतलं, त्याबद्दल माझ्या पोटात दुखत नाही. पण साडेबारा टक्के कशाचे? जमिनीचे. ज्याच्या बापानं दुसऱ्याच्या बांधावर जन्म काढला त्याच्या घामाचे टक्के कुणी मोजले? आणि ह्याच जमिनीवर शिक्षणसंस्थांना सवलतीत भूखंड मिळाले. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं होतंच. आज खारघर म्हंजे कॉलेजांचं गाव! गेटच्या आत फी, गेटच्या बाहेर वॉचमन. वॉचमन बहुधा आपला.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं : सारा भरणार कष्टकरी रयत, आणि त्या पैशातून वरच्या वर्गाची पोरं उच्च शिक्षण घेणार. भूखंड तेवढा नवा आहे.

आता खेड्याकडं वळू. तिथं परतावा का नाही? शिकलेल्या शेतकऱ्याला शिक्षणाचा उपयोग होतो, हे अर्थशास्त्रच सांगतं. नवं बियाणं, खत, कर्ज, बाजार ह्यात निर्णय घ्यायचे असतात, आणि वाचता येणाऱ्याचा निर्णय बरा ठरतो. बरोबर. पण निर्णय घेणार तो, ज्याच्या नावावर सातबारा! मजुराला कुठला निर्णय? त्याला मुकादम सांगेल त्या सरीत वाकायचं. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. मॅट्रिकला २९७, निरक्षराला २९७. राहिली गावातली पगाराची जागा : शाळा, सोसायटी, कारखाना, जिल्हा बँक. तिथं संचालक कोण, पाव्हणे कोणाचे, आणि मास्तरकीला ‘डोनेशन’ किती, हे तुम्हाला मी काय सांगावं.

म्हंजे शाळा नापास नाही झाली. जमिनीनं आणि जातीनं तिला नापास केलं.

बरं, शहरात आपलं सर्टिफिकेट तरी पुऱ्या भावात खपतं का? सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल ह्यांचा अभ्यास २००७ साली छापून आला. खाजगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, आडनावं तेवढी बदलली. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश भरली. आपल्या लोकांना पुरा भाव मिळाला तो सरकारी नोकरीत, राखीव जागेवर. आणि तीच जागा आता ठेक्यावर चाललीय. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला. पोरं रस्त्यावर आली तेव्हा ऑक्टोबरात मागं घेतला. चौथ्या मजल्यावरचे किती उतरले होते?

हा वाद नुसता कागदावरचा नाही. परतावा नाही म्हटलं की पुढचं पाऊल ठरलेलं : खर्च कशाला? २०१७ साली पट कमी म्हणून १३१४ शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची ‘समूह शाळा’ करायचं निघालं. दूरची शाळा म्हंजे सगळ्यात आधी तांड्यावरची, वाडीवरची, आपल्या वस्तीतली पोरगी घरी बसणार. तिचा परतावा मग कायमचा शून्य, आणि तज्ज्ञ म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो!

‘पण बाबासाहेबच म्हणाले गाव सोडा.’ म्हणाले. पण १९४२ च्या नागपूर परिषदेत काय मागितलं? सरकारी जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती. सगळ्यांनी मिळून, जमिनीसकट. एकेकट्यानं लोन काढून वन बीएचके घ्यावा असं नव्हे! आणि दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते काय शाळेच्या विरुद्ध होते? जमीन आणि शाळा ही एकच मागणी आहे. आपण ती फोडली. जमीन म्हाताऱ्यांना दिली, शाळा पोरांना दिली, आणि दोघंही हरायला मोकळे.

म्हणून गावी जाल तेव्हा नुसतं ‘शिका’ म्हणून परत फिरू नका. ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडं दोन कागद एकाच दिवशी मागा. गायरानावर १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून कसणारे आपले किती, त्यातली किती नावं सातबाऱ्यावर चढली. आणि शाळेचा पट किती, शिक्षकांच्या जागा रिकाम्या किती. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. आलं की आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात गावाच्या नावानिशी छापू.