आधी मीटर लावा, मग गॅस भरा

गाडीचा एसी गार हवा देईना, की पालघर-बोईसर पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं : 'गॅस संपलाय.' बॉनेट उघडतं, गेजच्या लाल-निळ्या नळ्या लागतात, सिलिंडरचा कॉक फिरतो, पैसे दिले जातात. गाडी गार होते. पंधरवड्यानंतर मालक पुन्हा त्याच दारात.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. लहान गाडीत तो साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो आणि वर्षभरात त्यातला बराचसा 'संपत' असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती नसेल, तर बिघाड बहुधा विजेच्या वाटेवर आहे. पण ती वाट तपासायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला कुणी राजी नसतं. गॅसचे पैसे मात्र गिऱ्हाईक कुरकुर न करता देतं, कारण सिलिंडर डोळ्यांना दिसतो. दोष एकट्या मेकॅनिकच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

ही विजेची वाट बिघडते कशाने, ते माहीममध्ये पाहावं. मुंबईचं नव्हे, केळव्याला लागून असलेलं पानमळ्यांचं माहीम. इथे खिडकीचे गज किती लवकर फुगतात, सायकलची साखळी अंगणात ठेवली तर काय होते, हे कुणाला सांगावं लागत नाही. तोच खारा वारा बॉनेटखालीही शिरतो. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर इंजिनच्या पुढच्या बाजूला, खालच्या अंगाला असतो. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी थेट त्याच्या कपलरवर, म्हणजे तारेच्या जोडावर उडतं. पाण्यातलं मीठ तारेच्या टोकात मुरतं आणि न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक धरतो. बाहेरून तार धडधाकट दिसते. उंदरांनी कुरतडलेली तार त्या मानाने बरी, ती निदान डोळ्यांना दिसते.

एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर चालू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर आजच्या गाडीत बटण दाबणं म्हणजे नुसता अर्ज करणं. तो अर्ज कंट्रोल युनिटकडे जातो. युनिट आधी गॅसच्या दाबाचा सेन्सर पाहतं, कूलिंग कॉइलवरचा थर्मिस्टर पाहतं, इंजिन तापलंय का ते पाहतं, चढावर चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय का तेही पाहतं. सगळ्यांचा होकार आला तरच रिलेला हुकूम सुटतो. मग रिलेतून वीज कॉम्प्रेसरच्या चुंबकी क्लचपर्यंत जाते आणि 'टक्' असा आवाज येतो. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत फाइल फिरवलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगायला नको. कागद कोणत्या टेबलावर अडलाय ते न विचारता नवा अर्ज टाकणं आणि तार न तपासता गॅस भरणं, दोन्ही एकाच माळेचे मणी.

आता थोडं गणित. क्लचच्या कॉइलचा रोध साधारण साडेतीन ओहम धरू. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट मिळाले, तर जवळपास चार अँपिअर वीज वाहते आणि क्लच घट्ट चिकटतो. कळंकलेल्या कपलरमुळे किंवा सैल अर्थिंगमुळे एका ओहमची भर पडली, तर वीज तीन अँपिअरवर येते. कॉइलला साडेदहा व्होल्ट मिळतात, उरलेले तीन तो जोड खातो. त्यातून तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. साठ अंशांनी तापलं तर जवळजवळ पाव हिश्श्याने. त्यात झिजून क्लचची फट वाढलेली असली, तर चुंबकाची ओढ अपुरी पडते. म्हणूनच सकाळी गॅरेजमध्ये गारेगार वाटणारी गाडी दुपारी मनोर नाक्यावर भट्टी होते. मेकॅनिक म्हणतो 'माझ्यासमोर तर चालत होती', मालक म्हणतो 'मग मी खोटं बोलतोय का', आणि दोघेही खरंच बोलत असतात.

हा दोष पकडायचा, तर मीटर लावण्याचीही रीत आहे. कपलर काढून मोजलं, तर तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण त्या वेळी भार नसतो. मोजायचं ते कपलर जोडलेला आणि क्लच चालू असताना : बॅटरीपासून कॉइलपर्यंत किती व्होल्ट गळाले, कॉइलपासून अर्थिंगपर्यंत किती. चांगल्या वाटेवर ही गळती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

गेजवर विसंबण्यातही गोम आहे. बऱ्याच गाड्यांत आर-134ए गॅस असतो. गाडी बंद असताना, नळ्यांत द्रवरूप गॅस शिल्लक असेतोवर, दाब ठरतो तो तापमानावर. तीस अंशांना तो साधारण पावणेसात बार भरतो, मग आत 200 ग्रॅम असो वा 500. म्हणजे हा दाब पाहून गॅस पुरेसा आहे की नाही, ते कळत नाही. सगळा गॅस काढून, वजन करून, गाडीवर लिहिलेल्या मापाइतका भरणं हाच खात्रीचा मार्ग. अंदाजाने जास्त भरला तर दाब चढतो, सेन्सर कॉम्प्रेसर बंद पाडतो आणि दुरुस्तीतूनच नवा बिघाड उभा राहतो.

सगळ्यात घातक इलाज म्हणजे 'डायरेक्ट करणं'. सेन्सर, युनिट, रिले सगळ्यांना वळसा घालून बॅटरीची तार थेट क्लचला. एसी चालतो, गिऱ्हाईक खूश. पण कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस गळून गेला की तो कोरडाच घासत राहतो, कारण त्याला थांबवणारा सेन्सर आता वाटेत नसतो. तारेत फ्यूजही नसेल, तर प्रकरण आगीपर्यंत जाऊ शकतं. इलेक्ट्रिक गाडीत तर कॉम्प्रेसर बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर चालतो. तिथल्या नारिंगी तारांना टेस्ट लॅम्प लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि गंमत अशी, की बिघाड पायरीपायरीने शोधण्याची शिस्त या भागाला मुळीच नवी नाही. तारापूरचा अणुवीज प्रकल्प 1969 पासून वीज देतोय. शेजारच्या एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत टाकीचा दाब किंवा तापमान कंट्रोल रूमपर्यंत नेण्यासाठी चार ते वीस मिलिअँपिअरची जुनी रीत आहे. शून्य दाखवायलाही चार मिलिअँपिअर, म्हणजे खरोखर शून्य आलं तर तार तुटली हे लगेच कळतं. गाडीतले अनेक दाबाचे सेन्सर याच विचाराचे. पाच व्होल्टवर चालतात, पण निरोगी असताना साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मधेच बोलतात. कारखान्यातला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक असा सिग्नल टप्प्याटप्प्याने तपासल्याशिवाय तो पाठवणारा ट्रान्समीटर बदलत नाही. तोच गेटबाहेर येऊन स्वतःच्या गाडीसाठी 'गॅस संपलाय' ऐकून घेतो!

ही बाब आता खासगी गाड्यांपुरती राहिलेली नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. निर्णय चांगलाच, चालकांच्या दृष्टीने फार उशिरा आलेला. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळणाऱ्या ट्रक-टँकरांत असे एसी वाढत जाणार आणि तेही याच खाऱ्या, दमट हवेत बिघडणार. जड ट्रकची वीज बहुधा चोवीस व्होल्टची असते, हा फरक हाताला सवयीचा व्हायला हवा. पावसात वाघोबा खिंडीत काच धुकटली, तर ती साफ करायलाही एसीच लागतो.

शिवाय हवेत सोडलेला गॅस कुठे नाहीसा होत नाही. आर-134ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट उष्णता धरतो, म्हणजे अर्धा किलो गॅस साधारण 700 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. हे वायू कमी करण्याच्या किगाली करारावर भारताने 2021 मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे.

म्हणून आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंट विभागात काही दिवस बसवावं. शिकवणारी माणसं इथेच आहेत. गॅरेजवाल्याने तपासणीची मजुरी वेगळी लावावी आणि गिऱ्हाइकाने ती घासाघीस न करता द्यावी. बदल्यात बिलावर तीन आकडे मागून घ्यावेत : किती ग्रॅम गॅस निघाला, किती भरला आणि क्लच चालू असताना कॉइलवर किती व्होल्ट मिळाले.